वरचे पुढचे सहा

"बाय तगी," डॉक्टर कानडीत म्हणाले. तोंड उघड.

मला वाटलं, खुर्चीतल्या मुलीला सांगतायत. पहिलीतली असेल ती. ओठ घट्ट मिटून बसली होती आणि तिची आई तिला चॉकलेट कबूल करत होती. दातांच्या दवाखान्यात चॉकलेट! पण डॉक्टर मुलीकडे बघत नव्हते. माझ्याकडे बघत होते.

"नीनऽ. मास्क तगी. तोर्स अकीगे." तूच. मास्क काढ. दाखव तिला.

मी दाराशी उभी होते. हुबळीहून सप्तापूरच्या त्यांच्या दवाखान्यात मी आले होते ते एका बँक अधिकाऱ्याच्या पुढच्या दाताचा रंग बघायला. मी दातांच्या लॅबमध्ये काम करते. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, आम्ही सिरॅमिकचा दात बनवतो, आणि त्याला रंग देऊन, चमक देऊन शेवटचा हात फिरवायचं काम माझं. पुढचा एकच दात करायचा असला की तो शेजारच्या दाताशी जुळावा लागतो, म्हणून रंग देणाऱ्यानं स्वतः जाऊन पेशंट बघायची पद्धत आहे. तेवढंच माझं तिथं काम. त्या मुलीशी माझा काही संबंध नव्हता.

मी मास्क काढला. तोंड उघडलं.

डॉक्टरांनी हातमोज्यातल्या बोटानं माझा वरचा ओठ वर केला. बाजारात बैलाचा करतात तसा. आणि मुलीला मराठीत म्हणाले, अगदी गोड आवाजात, "बघ सोनू, ही अक्का लहानपणी दात घासत नव्हती. बघ काय झालं ते. तुला असे हवेत का?"

"शी," मुलगी म्हणाली आणि तिनं आईच्या ओढणीत तोंड खुपसलं.

तिची आई हसली. असिस्टंट मुलगी हसली. डॉक्टर हसले. आणि मीही हसले. ओठ त्यांच्या बोटात होता, तरी जेवढं हसता येईल तेवढं हसले. हे मी आधीच सांगून टाकते, कारण पुढचं सगळं सांगताना मला मध्येच मोठं व्हायचा मोह होईल. मी हसले होते.

माझे दात तपकिरी आहेत. वरचे पुढचे सहा जास्तच. चहा सांडून वाळलेल्या कागदासारखे, आणि मधूनमधून खडूचे पट्टे ओढल्यासारखे पांढरे. बँक अधिकारी आत आले तोवर मी मास्क लावला होता. त्यांना खिडकीपाशी उजेडात बसवलं, रंगांची पट्टी दाताला लावून बघितली, टिपून घेतलं. हाताला सवय होती. तोंडाला नव्हती.

डॉक्टर मराठी. घरी मराठी, पेशंटशी मराठी. त्या मुलीच्या आईशी तर माहेर कुठलं, सासर कुठलं इथपर्यंत मराठी. मीही मराठीच, आणि ते त्यांना ठाऊक होतं. पहिल्या भेटीत त्यांनी मला गाव विचारलं. मग गावात कुठं, म्हणून विचारलं. मी म्हणाले, केरीत, म्हणजे गावाबाहेरच्या आमच्या वस्तीत. आमच्याकडं केरी म्हटलं की पुढं जात विचारावी लागत नाही. त्या दिवसापासून ते माझ्याशी कानडीत बोलायला लागले. कानडीबद्दल माझी तक्रार नाही. ती माझीही भाषा आहे, बाजारात, बसमध्ये मी तीच बोलते, भांडायला तर मला तीच बरी पडते. पण त्यांनी मला त्यांच्या मराठीच्या उंबऱ्याबाहेर उभं केलंय, हे मला कळत होतं. कळूनही मी "हौद्री सर", होय सर, म्हणत होते.

डॉक्टर वाईट माणूस नव्हते. दिवाळीला लॅबमध्ये मिठाई पाठवायचे. कुणावर ओरडायचे नाहीत. माणूस वाईट असता तर मला निदान रागवायला सोपं गेलं असतं.

आमचं गाव अळणावरच्या अंगाला. वर गाव, खाली ओढ्याकडं केरी. गावाला एक विहीर, गोड पाण्याची. अव्वा, म्हणजे माझी आई, लग्न होऊन आली तेव्हा केरीतल्या बायका विहिरीपासून लांब घागरी मांडून उभ्या राहायच्या. वरच्या गल्लीतल्या एखादीला दया आली, तिनं ओतलं, तर पाणी. एका उन्हाळ्यात केरीतल्या कुणा पोरीनं वाट बघून बघून शेवटी स्वतःच दोर ओढला. गावात रण माजलं. पंच बसले. केरीतल्या कुणी विहिरीला हात लावायचा नाही, हे त्यांनी पुन्हा एकदा पक्कं केलं आणि रोजची कटकट नको म्हणून केरीला वेगळी बोअर मारून द्यायचं ठरवलं.

बोअरला पाणी लागलं. पंप बसला. केरीनं नारळ फोडला, पंपाला हार घातला. अव्वा ती गोष्ट आम्हाला सणासारखी सांगायची. कुणापुढं उभं राहायला नको, कुणाचं ऐकून घ्यायला नको, आपलं पाणी आपल्या दारात. मी त्या पाण्यावर वाढले. केरीतली माझ्या वयाची सगळी पोरं त्याच पाण्यावर वाढली.

आणि त्या सगळ्या पोरांचे दात असे.

शाळेत बाई नखं आणि दात तपासायच्या. वरच्या गल्लीतली पोरं दात दाखवून जागेवर बसायची. आम्ही भिंतीशी उभे. "घासतच नाहीत ही," बाई म्हणायच्या. आम्ही घासायचो. देवाशपथ घासायचो. राखेनं, कोळशानं, मिठानं. मी विटेचा तुकडा कुटून त्या भुकटीनं घासायचे. हिरड्यांतून रक्त यायचं, ते थुंकायचं आणि आरशात बघायचं. तपकिरी ते तपकिरीच. मग मला वाटायला लागलं, बाईंचंच खरं असेल. माझंच काहीतरी राहून जात असेल. मी आतूनच घाण असेन. लहान पोरीच्या मनात एकदा हे बसलं की कुठल्या साबणानं निघत नाही.

तेव्हापासून हसताना हात तोंडावर. बोलताना मान खाली. लग्नाच्या फोटोत मी मागच्या रांगेत, ओठ मिटून. लोक म्हणायचे, पोरगी गंभीर आहे. गंभीर कसली, मेली लाजेनं मरत होती.

पीयूसी, म्हणजे बारावी, झाल्यावर हुबळीला आले. लॅमिंग्टन रोडच्या मागच्या बोळात, वरच्या मजल्यावर लॅब. आधी प्लास्टर कालवायचं, मापं धुवायची, केर काढायचा. लॅबच्या मालकांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो. अण्णांनी एकदा गंमत म्हणून माझ्या हातात ब्रश दिला आणि नंतर तो काढून घेतला नाही.

दात मशीनमधून निघतो तेव्हा पांढराफटक असतो. मेलेला. त्याला जिवंत करायचं ते रंगानं. हिरडीकडं थोडा मधाचा रंग. टोकाला निळसर करडी झाक. मध्ये कुठं दिसेल न दिसेल असा पांढरा ठिपका. बारीक ब्रशनं लावायचं, भट्टीत घालायचं, काढून उजेडात बघायचं, परत लावायचं. मग चमक द्यायची, तीही बेतानं, नाहीतर दात कपबशीसारखा दिसतो. नुसता पांढरा दात खोटा वाटतो. खरा वाटायला त्यात थोडी खोट घालावी लागते. सिगारेट ओढणाऱ्याच्या दाताला मी कडेनं तपकिरी रेघ देते. म्हाताऱ्या माणसाच्या दाताला चीर काढते. लोक आरशात बघून म्हणतात, अगदी माझाच दात.

तपकिरी हा माझ्या हातात बसलेला रंग. लॅबमध्ये म्हणायचे, तपकिरी द्यायचा असला तर हिच्याकडंच द्या. तो रंग मी रोज सकाळी आरशात बघते, हे मी कुणाला सांगितलं नाही. आणि माझे दात असे का, हे त्या दातांच्याच लॅबमध्ये मी कधी कुणाला विचारलं नाही. विचारायचं तर तोंड दाखवावं लागलं असतं.

मग साथ आली आणि सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले. जग घाबरलं होतं. मी सुखात होते. खरं सांगते, ते माझ्या आयुष्यातलं सगळ्यात मोकळं वर्ष. मी बसमध्ये अनोळखी बायकांशी गप्पा मारल्या. मोठ्यानं हसले. साथ गेली, लोकांनी मास्क काढले, मी काढला नाही. किती काळजी घेते पोरगी, असं अण्णा येणाऱ्या-जाणाऱ्यांना सांगायचे.

असा तो मास्क. एकदा दवाखान्यात पाणी प्यायला तो खाली ओढला होता, तेवढ्यात डॉक्टरांनी माझे दात बघितले असणार. तो डॉक्टरांनी त्या मुलीपुढं काढायला लावला.

आणि एकदा चालून गेलं म्हटल्यावर ते नेहमीचंच झालं. दात न घासणारं कुठलंही पोर आलं आणि मी दवाखान्यात असले की आतून हाक यायची. मी जायचे, मास्क काढायचे, तोंड उघडायचे. पोरं रडायची, नाहीतर हसायची. आया म्हणायच्या, बघितलंस? पुढं पुढं तर डॉक्टरांना सांगावंही लागायचं नाही. पोर दिसलं की माझा हात आपणहून मास्कच्या दोरीकडं जायचा. ह्याची लाज मला त्या मुलीच्या "शी"पेक्षा जास्त वाटते. तिला कुणी शिकवलं नव्हतं. मी शिकले होते.

एक दिवस डॉक्टरांनी मला त्यांच्या खोलीत बोलावलं आणि बसायला सांगितलं. त्या खोलीत मी पहिल्यांदा बसले. ते म्हणाले, तुझंच करून टाकू. वरचे पुढचे सहा. दात थोडे घासायचे आणि वर सिरॅमिकचे पातळ पापुद्रे चिकटवायचे. लॅब तुझीच, रंगही तूच दे. पैसे नकोत. दवाखान्याची नवी शाखा काढतोय, तिथं लावायला आधीचा आणि नंतरचा फोटो हवाय. आणि एक छोटा व्हिडिओ. एवढं करशील ना?

मी रडले. सर, तुम्ही म्हणाल ते करीन, असं म्हणाले. त्यांचे पाय धरायचे तेवढे राहिले. कसला फोटो, कसला व्हिडिओ, काही विचारलं नाही. भुकेल्या माणसानं ताटाला नाव ठेवायचं नसतं, असं मला वाटलं. बाहेर येऊन अव्वाला फोन केला. तिनं संध्याकाळपर्यंत सगळ्या केरीला सांगितलं की आपल्या पोरीला नवे दात बसणार.

माझं माप घेतलं. लॅबमध्ये माझ्याच हातानं मी त्यात प्लास्टर ओतलं आणि सुकल्यावर माझे दात बाहेर काढले. टेबलावर ठेवले आणि बघत बसले. प्लास्टरला एकच रंग असतो. त्या टेबलावर आणखी कितीतरी लोकांची तोंडं होती, डॉक्टरांची पेशंट, मोठ्या घरातली. त्यांच्यात माझं तोंड ओळखू येत नव्हतं. उलट माझे दात सरळ होते, एका ओळीत, एकही वाकडा नाही. पृष्ठभागावर कुठं कुठं बारीक खड्डे, बस्स. इतकी वर्षं मी रंग बघत होते. दात आज बघितले. चांगले दात होते माझे.

मग घासायच्या आधी बसवून बघायचा तात्पुरता नमुना केला. डॉक्टरांनी सगळ्यात पांढरा रंग लिहून पाठवला होता. तसा केला. अण्णा म्हणाले, "सिनेमातली दिसतीस बघ आता." मीही दोन्ही बोटांनी तो नमुना धरून आरशासमोर माझ्या ओठांखाली लावला. हसले. हात वर गेला नाही. मला ते दात हवे होते. किती हवे होते, ते सांगायला गेले तर माझी मलाच लाज वाटेल.

फोटोच्या दिवशी अण्णाही सोबत आले. डॉक्टरांचं मोठं गिऱ्हाईक, जायला हवं, म्हणाले. दवाखान्यात गोल दिवा लावला होता, स्टँडवर मोबाईल. रिसेप्शनची मुलगी व्हिडिओ घेणार होती. शिकायला आलेले दोन नवे डॉक्टर वह्या घेऊन उभे. मला खुर्चीत बसवलं, गळ्याला निळा कागद बांधला आणि तोंडात प्लास्टिकचा चिमटा घातला. तो चिमटा दोन्ही ओठ ताणून धरतो. सगळे दात, सगळ्या हिरड्या उघड्या. लाळ गळते. बोलता येत नाही. फोटो घेतले. समोरून, डावीकडून, उजवीकडून.

मग डॉक्टर त्या शिकाऊ डॉक्टरांना माझे दात दाखवून समजावायला लागले. अर्धं इंग्रजी, अर्धं कानडी. मला सगळं कळत होतं.

"फ्लोरोसिस. बोअरचं पाणी. दात हिरडीच्या आत तयार होत असतानाच पाण्यातलं फ्लोराइड त्यात बसतं. बाहेर येतो तो असाच येतो. कितीही घासू दे, जाणार नाही. स्वच्छतेशी काही संबंध नाही ह्याचा."

शिकाऊ डॉक्टरांनी लिहून घेतलं.

मी खुर्चीत. तोंड ताणून उघडलेलं. आणि डोक्यात पंप. त्याचा दांडा, त्याचा आवाज, त्याला घातलेला हार. ओंजळ लावून पाणी पिणारी मी. केरीतली सगळी पोरं रांगेत, ओंजळी लावून. विटेची भुकटी. रक्त. बाई. भिंत. स्वच्छतेशी काही संबंध नाही. हा माणूस हे किती सहज बोलला. म्हणजे त्याला माहीत होतं. आज नाही कळलं त्याला. त्या पहिल्या मुलीसमोर माझा ओठ वर केला तेव्हाही माहीत होतं.

चिमटा काढला. तोंड पुसायला कागद दिला. डॉक्टर प्रसन्न होते.

"आता व्हिडिओ. मराठीत बोलायचं हं," ते म्हणाले. कानडीतच म्हणाले. मग काय बोलायचं ते मराठीत म्हणून दाखवलं. "मी खेड्यातली. आमच्याकडं दात घासायची सवय नव्हती. मला हसायची लाज वाटायची. डॉक्टरांनी मला नवं हसू दिलं. एवढंच. सोपं आहे. म्हण."

मोबाईलचा लाल ठिपका लागला.

"हे मी म्हणणार नाही, सर," मी म्हणाले. मराठीत.

रिसेप्शनच्या मुलीनं डॉक्टरांकडं बघितलं.

"काय म्हणालीस?" डॉक्टर म्हणाले. पहिल्या भेटीनंतर माझ्याशी मराठी बोलायची त्यांची ती पहिली वेळ.

"आम्ही घासत होतो."

"अगं, असेल. पण फ्लोराइड वगैरे लोकांना कळत नाही. घासायचं कळतं. पोरांना त्यातून चांगली सवय लागते."

"तुम्हाला कळतं की."

अण्णा पुढं झाले. "ए, म्हण की गं गपचूप. दोन वाक्यं तर हाईत. सरांचा वेळ जाऊलालाय."

"अण्णा, माझी आई तीन घरं सोडून गोवरीची राख मागून आणायची आमच्या दातांसाठी. आम्हाला सवय नव्हती, असं मी नाही म्हणणार."

आवाज फाटला होता माझा. मी काही शूर दिसत नव्हते. नाक वाहत होतं, हनुवटीवर लाळ होती. गळ्यातला कागद मी काढला आणि मांडीवर ठेवला. मग रिसेप्शनच्या मुलीला म्हणाले, "फोटो पुसून टाका."

"फोटो दवाखान्याचे आहेत," डॉक्टर म्हणाले.

"तोंड माझं आहे."

कुणी हललं नाही. मी पण खुर्चीतून हलले नाही. बाहेर पेशंट खोळंबले होते, दारातून कुणीतरी डोकावून गेलं. शेवटी डॉक्टरांनी मानेनं खूण केली आणि त्या मुलीनं माझ्यासमोर एकेक फोटो पुसला. "उपकार करायला गेलं की हे असं," डॉक्टर अण्णांना म्हणाले. परत कानडीत.

परतीच्या बसमध्ये मी रडले. पण कशासाठी, ते खोटं सांगणार नाही. अपमानासाठी रडले नाही. दातांसाठी रडले. ते सहा पांढरे दात माझ्या तोंडात बसणार होते, आणि दोन वाक्यं म्हटली असती तर बसले असते. खिडकीच्या काचेत माझं तोंड दिसत होतं. मी मास्क लावला. बाकी जग तेच होतं आणि माझे दात तेच होते.

अण्णांनी दुसऱ्या दिवशी ब्रश काढून घेतला. "माफी माग. मग बघू," म्हणाले. मी मागितली नाही. तेव्हापासून मी परत प्लास्टरवर आहे. मापं धुते, प्लास्टर कालवते. माझा तो नमुना अण्णांनी पुढच्या काचेच्या कपाटात ठेवलाय, येणाऱ्या डॉक्टरांना आमचं काम दाखवायला. येता-जाता दिसतो. काम चांगलं झालंय.

आणि अव्वाचे फोन. "बसले का गं दात? कवा येतीस?" मी आज, उद्या करत टाळलं. मग एका रविवारी गेले.

केरीतल्या बायका अंगणातच जमल्या होत्या. "दाव की गं," शेजारची काकू म्हणाली. मी मास्क काढून दाखवले. काकू म्हणाली, "मग बसवायचे हाईत व्हय अजून?" अव्वानं मला हाताला धरून आत नेलं.

मी तिला सगळं सांगितलं. ओठ वर केला ते, मी हसले ते, खुर्ची, चिमटा, व्हिडिओ. तोपर्यंत ती डॉक्टरला शिव्या देत होती. मग मी पाण्याचं सांगितलं. बोअरचं पाणी, अव्वा. त्यानं झालंय. घासून जाणार नव्हतंच ते.

चुलीपुढं बसली होती, तिथनं तिनं माझ्या तोंडाकडं बघितलं.

"म्हंजे मीच पाजलं की गं तुला," ती म्हणाली.

"तू न्हाई गं, अव्वा."

"मीच. घागरी भरभरून पाजलं. तुमी पोरं नको म्हणायचा, खारट लागतंय म्हणायचा, मी मारून पाजलंय. हार घातलाय गं मी त्या पंपाला." आणि तिनं पदर तोंडावर घेतला. तिचे दात पांढरे आहेत. ती माहेरचं पाणी पिऊन वाढलेली. पण त्या दिवशी तिनंही तोंड झाकलं.

मला वाटत होतं, मला कळलं की पुरे. माझी लाज मी एकटीनं ओढली तोवर ठीक होतं. पण ती माझ्या डोळ्यांदेखत माझ्या आईच्या डोक्यावर जाऊन बसली. बिनचूक. जिनं राख मागून आणली तिच्याच डोक्यावर. डॉक्टरला नाही वाटली, शाळेतल्या बाईंना नाही वाटली, विहिरीवर पंच म्हणून बसलेल्यांना तर नाहीच नाही. आमच्यातच ती फिरते. आईकडून लेकीकडं, लेकीकडून आईकडं.

"अव्वा, विहीर कुणी अडवली?" मी विचारलं.

ती रडत राहिली. मी परत विचारलं. तिसऱ्यांदा विचारलं तेव्हा तिनं नावं सांगितली. हळू आवाजात, दार लोटून. एवढ्या वर्षांनी, स्वतःच्या घरात, माझी आई ती नावं दार लोटून सांगत होती.

माझ्या भावाची पोरगी तेवढ्यात आत आली. तिचे दुधाचे दात पडून नवे येतायत. मी तिला जवळ घेऊन उजेडात बघितलं. टोकाला खडूसारखे पांढरे पट्टे. असे पट्टे मी ब्रशनं काढलेत, मला ते लगेच ओळखू येतात. पुढं त्यांचं काय होतं, तेही माहीत आहे. नळ आलाय केरीत, पण तो येईल तेव्हा येतो. बाकीच्या दिवशी पंपच.

पुढच्या ग्रामसभेला मी जाणार आहे. ती वरच्या गल्लीत भरते, देवळापुढच्या कट्ट्यावर. केरीतल्या बायका तिथं मागं उभ्या राहतात आणि बोलत नाहीत. मी पुढं बसणार आहे. पंपाचं पाणी तपासून तो बंद करा आणि विहिरीवरून केरीत लाइन आणा, हे मी मागणार आहे. पण ते नंतर. आधी मी विचारणार आहे, त्या उन्हाळ्यात केरीला विहीर कुणी बंद केली. अव्वानं सांगितलेल्यांपैकी काही मेले, काही आहेत. असतील ते पहिल्या रांगेत असतात. मी एकेकाचं नाव मोठ्यानं घेणार आहे. अव्वा म्हणते, नको गं, आम्हाला इथंच राहायचंय. ती शेजारी येऊन बसली तर बरं, नाही बसली तरी मी विचारणार. उत्तर मिळेपर्यंत खाली बसणार नाही.

मी कोण, कुठली, हे त्यांना सांगायची गरज पडणार नाही. तोंड उघडलं की कळेल. कळू दे.